फ्रेमच्या मधोमध निळी टाकी

सप्टेंबर २०२४ मधला रविवार. आईने सकाळी साडेपाचला हलवून उठवलं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी जांभळ्या डोंगराचा फोटो टाकला होता.

"कारवी फुललीय नॅशनल पार्कात. आठ वर्षांनी फुलते म्हणे. तू तिकडे चीनच्या बॉर्डरवर जाऊन निळं पाणी काढून आणलंस, हे घरासमोरचं कोण काढणार?"

घरासमोरचं हे अक्षरशः खरं आहे. आम्ही बोरिवली पूर्वेला सतराव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीतून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान दिसतं. फ्लॅट घेताना 'पार्क फेसिंग' म्हणून चौरस फुटामागे जादा पैसे मोजलेत, आणि ते अजून फिटताहेत. पण अकरा वर्षांत कॅमेरा घेऊन मी त्या जंगलात एकदाही गेले नव्हते. जायचं ते लडाखला, कच्छला. बोरिवलीला काय, ती रोजचीच.

लडाखचे आठ दिवस एका ओळीत संपतात: डोकं दुखलं, मॅगी खाल्ली, पँगाँग खरोखर निळा होता. तिथे फोटो काढणं सोपं असतं, हे आता कबूल करते. सव्वाचार हजार मीटरच्या वरची हवा विरळ असते, तिच्यात धूळ नाही की बाष्प नाही. त्यामुळे वीस किलोमीटरवरचा डोंगरही हात लावता येईल इतका स्वच्छ दिसतो. थंडीत बॅटरी पटापट उतरते म्हणून ती खिशात उबेला ठेवायची, एवढंच काय ते कौशल्य. कच्छच्या रणात तर मीठ आणि आकाश, दोनच गोष्टी. क्षितिज वर ठेवायचं की खाली, इतकाच प्रश्न.

मुंबईत प्रश्न उलटा असतो. फ्रेममध्ये काय घ्यायचं यापेक्षा काय काय टाळायचं हीच चिंता.

रविवारी जाऊ नका, असा सल्ला देणार होते. पण मी स्वतः रविवारीच गेले, कारण मला सुट्टी रविवारीच असते. गेटपासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर. बसमध्ये माझ्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग आणि बॅगेवर कोणाचं तरी तीन वर्षांचं पोर. ट्रायपॉड घरीच ठेवला होता. लेण्यांत पूर्वपरवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही, हे या खेपेला आधी वाचून गेले होते. (ज्या जागी तो गेटवरून परत पाठवला गेला त्या जागेचं नाव लिहीत नाही. चूक माझीच होती आणि भांडलेही मीच होते.)

लेण्यांचं तिकीट मिळेपर्यंत सूर्य चांगला वर आलेला. लँडस्केपवाले ज्या सोनेरी तासाचं तुणतुणं वाजवतात, तो मुंबईत गेटबाहेर रांगेतच संपतो.

लेणी मी भराभर ओलांडली, याची थोडी लाज वाटते. शंभरावर लेणी आहेत ती. इसवी सनाच्या आगेमागे खोदायला सुरुवात झाली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं माणसं तिथे नांदली. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी पावसाचं पाणी साठवायचं टाकं, आणि कातळात त्या टाक्यांकडे पाणी नेणाऱ्या पन्हाळी. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हणतात. तिसऱ्या लेण्यातल्या उंच बुद्धमूर्तींना लांबूनच नमस्कार केला आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या चढत वर गेले.

आणि वरच्या उतारावर ती होती.

आधी रंगच दिसला नाही. जवळ गेल्यावर कळलं की हिरव्यात जे काहीतरी मळकं-निळसर वाटत होतं ती सगळी फुलंच आहेत. पुरुषभर उंचीची झुडपं, हाताच्या तळव्याहून मोठी खरखरीत पानं, आणि दर पेरापाशी फुलांचे तुरे. एक फूल न तोडता, वाकून पाहिलं. पाकळ्यांचा पेला बाहेरून फिकट, आत गडद जांभळा, आणि तळाशी एक मधमाशी डोकं खुपसून बसलेली, फक्त तिचं बूड बाहेर. ते थरथरत होतं. सगळ्या झुडपाचा एक बारीक आवाज येत होता, लांबवर कुठेतरी गिरण चालू असल्यासारखा.

कारवी सात वर्षं नुसती पानं वाढवते. आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. याआधी इथे २०१६ मध्ये फुलली होती, पुढची खेप २०३२. काकडी विकायला बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "मेली का मग आमच्या कामाची. वाळल्या काठ्यांचा कूड करायचा, वरून शेण-माती लिंपायची. आता पोरं पत्रा लावतात." त्या उद्यानातल्याच पाड्यावरच्या. दहा रुपयांची काकडी उभी चिरून, तिखट-मीठ भरून देतात. ती खाताना एका माकडाने माझं लेन्सचं झाकण नेलं. हुंगलं, चावलं आणि निराश होऊन दरीत फेकलं.

तोवर गर्दीही वर पोचली होती. एका मुलाने भला मोठा तुरा ओरबाडून मैत्रिणीच्या कानामागे खोचला. मी बोलले. तो म्हणाला, "आंटी, एवढी तर आहेत." आंटी! मावशींनी मात्र त्याला असा काही झापला की तो तुरा परत झाडाला लावता येईल का ते बघू लागला.

आता फोटो. डोक्यात चित्र पक्कं होतं: पुढे कारवी, मध्ये काळा कातळ, मागे जंगल आणि वर पावसाळी ढग. रात्री पाऊस होऊन गेलेला, हवा धुतलेली, असा स्वच्छ दिवस मुंबईत वर्षातून मोजकाच मिळतो. पण पश्चिमेला कॅमेरा वळवला की जंगलाच्या कडेवर टॉवरची रांग. सकाळचा सूर्य माझ्या पाठीशी, म्हणजे उजेड बरोब्बर त्या इमारतींच्या तोंडावर. नव्या दातांच्या कवळीसारख्या चमकत होत्या.

वाइड लेन्स लावली. टॉवर लहान झाले, पण गेले नाहीत. क्षितिजावर कंगव्याचे दात दिसायला लागले. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, फिरवून पाहिला. पाठीमागे सूर्य असला की आकाशावर त्याचं फारसं काही चालत नाही, पानांवरची चकाकी तेवढी गेली. मग चिखलात आडवी झाले, की फुलांच्या आड इमारती लपतील. सगळ्या लपल्या, एक सोडून. ती उंच, करड्या रंगाची, गच्चीवर दोन पाण्याच्या टाक्या. डावीकडे सरकले तर कातळाच्या खांद्यावर बसायची, उजवीकडे सरकले तर फुलाच्या तुऱ्यातून शिंगासारखी वर यायची. ढगाची सावली येईल म्हणून पाऊण तास थांबले. सावली आली. आजूबाजूच्या सगळ्या इमारतींवर पडली. हिच्यावर नाही.

"कोणी मेल्याने बांधलीय ही," मी मोठ्यांदा म्हणाले.

"ती व्हय? ती आली ना, तवापासून त्या गोराईच्या सोन्याच्या घुमटाचा तुकडाच दिसतो इथून," मावशी म्हणाल्या. "आधी अख्खा दिसायचा."

वैतागून ७०-२०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली. म्हटलं, या बयेला नीट बघू तरी. लोक म्हणतात टेलिफोटो लेन्स अंतर दाबते. दाबत वगैरे काही नाही. पुढचा कडाही लांब, मागची इमारतही लांब, आणि आपण मधला तेवढाच तुकडा कापून मोठा करतो म्हणून दोन्ही एकमेकांना चिकटलेले वाटतात. तर कड्याला चिकटून ती उभी. फोटो काढला, स्क्रीनवर मोठा केला. एक टाकी निळी. दुसरी टाकी अर्धी निळी, अर्धी सिमेंटची.

अर्धी निळी टाकी अख्ख्या बोरिवलीत एकच आहे. मला खात्री आहे, कारण रंगाचा ठराव मी मांडला होता.

दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीच्या कमिटीवर होते. गच्चीवरच्या टाक्या रंगवायच्या होत्या. सचिवांना विटकरी हवा होता. मी म्हणाले, आकाशी निळा द्या, लांबून बघणाऱ्याला आकाशात मिसळून जाईल, मला फोटोग्राफीतलं कळतं. दुसऱ्या टाकीच्या मध्यावर फंड संपला. पुढच्या मीटिंगला कोरम झाला नाही. मग मी कमिटीतून बाहेर पडले.

मिसळत वगैरे काही नाही. पाच किलोमीटरवरून त्या जंगलाच्या कडेवर मी सुचवलेला निळा असा काही ओरडतो की विटकरी बरा होता.

मी तिथेच कातळावर बसले आणि हसत सुटले. मावशींना वाटलं ऊन लागलं. त्यांना सांगितलं, "मावशी, ती आमचीच बिल्डिंग." त्या काही क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग घुमट तुमीच झाकला व्हय," आणि आणखी एक काकडी दिली. पैसे घेतले नाहीत. हे मला दहा रुपयांपेक्षा बरंच महाग वाटलं.

फोनला रेंजची एकच दांडी होती. आईला लावला.

"बाल्कनीत ये."

"का? साबुदाणा परतत्येय."

"गॅस बंद कर आणि ये. समोर डोंगर दिसतोय ना, मी त्यावर आहे."

"मला तू दिसत नाहीस."

"मला तू दिसतेस का बघते. काहीतरी मोठं हलव."

मध्ये बरीच खडखड. मग फोनवर तिचा दमलेला श्वास. "डबल बेडची काढलीय. लाल. नवी. खाली पडली तर तू आणायचीस."

कॅमेरा खडकावर, खाली बॅगेची उशी, श्वास रोखून एकामागून एक चाळीसेक फोटो. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. स्क्रीनवर शेवटपर्यंत मोठं केलं तेव्हा वरून तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर एक लाल ठिपका. पुढच्या फोटोत ठिपका थोडा डावीकडे. त्याच्या पुढच्यात लांबट. अडीच मीटरची चादर म्हणजे माझ्या कॅमेऱ्यात मोजून अठरा-वीस पिक्सेल. आई त्यातला एखाद-दुसरा असेल.

"आली का?" ती विचारत होती. "हात दुखला गं. आली का?"

मावशींना दाखवला. त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. "म्हातारी एकटीच असते का घरी?" एवढंच विचारलं.

उतरताना काय काय पाहिलं ते आठवत नाही. बसला पाऊण तास रांग होती, एवढं आठवतं. घरी आल्यावर साबुदाणा गोळा झालेला होता आणि त्याचा दोष पूर्णपणे माझ्यावर आला.

रात्री फोटो कॉम्प्युटरवर घेतले. हल्ली सॉफ्टवेअरमध्ये नको त्या इमारतीवर ब्रश फिरवला की ती जाते, मागे आपोआप ढग भरले जातात. मी फिरवला. चार सेकंदांत टॉवर गेले, टाक्या गेल्या, सतरावा मजला गेला. हवा तसा फोटो, लडाखसारखा रिकामा. आई मागे येऊन उभी राहिली होती.

"आपलं घर कुठे गेलं?"

कंट्रोल-झेड केलं.

आता तोच फोटो हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या वर. आई आल्यागेल्याला उठवून त्याच्यासमोर उभं करते आणि विणायच्या सुईचं टोक काचेवर टेकवून ठिपका दाखवते. फोकस पार मागे इमारतीवर ठेवला होता. दोनशे मिलिमीटरला जवळचं आणि लांबचं दोन्ही रेखीव येणं शक्य नव्हतं, त्यामुळे आठ वर्षांनी फुललेली कारवी खालच्या कोपऱ्यात नुसता जांभळा धूर आहे.

"चादर छान आलीय," आई म्हणते. "फुलं जरा हललीत का गं?"