रेशनच्या पिशवीतल्या वह्या

मी सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलांसाठीची विशेष शिक्षक आहे, म्हणजे आज या झेडपी शाळेत तर उद्या त्या. त्या दिवशी चौथीतल्या एका पोराबद्दल गुरुजींशी बोलायचं होतं, आईलाही बोलावलेलं. खरं सांगते, अशा भेटींची मला धास्तीच असते, कारण आईबाप गुरुजींसमोर बोलतच नाहीत, "मारा पण शिकवा" म्हणतात आणि मान खाली.

गुरुजी वाईट नव्हते हां. दोनशिक्षकी शाळा, पहिलीपासून हा वर्ग त्यांच्याकडेच, वर ऑनलाइन माहित्या आणि पोषण आहाराचा हिशोब. त्यांचं म्हणणं एकच, "मॅडम, पाढे तोंडपाठ, बाजाराचा हिशोब माझ्यापेक्षा फास्ट, मग लिहितानाच काय होतं? मुद्दाम करतो."

मी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार, अध्ययन अक्षमता म्हणजे डोकं चालतं पण वाचणं-लिहिणं अडतं, असं सगळं सुरू केलं आणि गुरुजींचं लक्ष मोबाईलवर. चूक माझीच, कायदा काढला की समोरचा माणूस बंद होतो.

तेवढ्यात आईने रेशनच्या पिशवीतून वह्या काढल्या, पहिलीपासूनच्या. "रद्दीत घालू वाटलं न्हाई." मी चारही वर्षांच्या मराठीच्या वह्या टेबलावर ओळीने उघडून ठेवल्या. घ चा ध, भ चा म, वेलांटी भलतीकडे, जोडाक्षर तर गायबच, आणि प्रत्येक पानाखाली लाल पेनने "लक्ष दे" आणि गुरुजींची सही.

मी एवढंच म्हटलं, "गुरुजी, मुद्दाम करणारं पोर चार वर्षं तीच चूक सांभाळून ठेवेल का?"

ते बराच वेळ पानं उलटत राहिले.

मग पटापट ठरलं. वर्गासमोर वाचायला उभं करायचं नाही, फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायचं नाही, परिसर अभ्यास तोंडी विचारायचा. निदान काही मी करू शकत नाही, त्यासाठी सिव्हिलला तपासणी, आणि अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळाला तर पुढे दहावीला तासाला २० मिनिटं जादा, लेखनिकसुद्धा. हे ऐकून आईने एकच विचारलं, "एका दिसात हुतंय का दोन रोज बुडत्याल?" मी खोटं नाही बोलले, दोन-तीन खेपा होतील म्हटलं. ती बोटांवर काहीतरी मोजत बसली.

निघताना गुरुजींनी वह्या पिशवीत भरून दिल्या. पहिलीची तेवढी ठेवून घेतली, म्हणाले, "ही राहू द्या ताई आठवडाभर."