राखीव टेबल

काल रात्रीपासून एका रिकाम्या टेबलाने माझा पिच्छा पुरवला आहे. जेवण बेताचे होते, उशीर झाला, पैसे बरेच गेले, हे सगळे सकाळच्या चहाबरोबर संपायला हवे होते आणि बहुतेक संपलेही. पण काचेला लागून मांडलेले, पांढऱ्या रुमालांच्या घड्या ठेवलेले आणि पितळी पट्टीवर ‘रिझर्व्ड’ असे लिहिलेले ते दोन खुर्च्यांचे टेबल आम्ही आत शिरलो तेव्हा रिकामे होते आणि निघालो तेव्हाही रिकामेच होते, ही गोष्ट काही केल्या मनातून जात नाही.

आमच्या मुलाने, अनिकेतने, तिकडे दूर बसून हे सगळे जुळवून आणले होते. मरीन ड्राइव्हवरची इमारत, सर्वांत वरचा मजला, सूर्यास्ताची वेळ आणि ‘सी व्ह्यू’ अशी खास नोंद, असा निरोप ह्यांच्या फोनवर आठवडाभर आधीच येऊन पडला होता. तो स्वतः येणार नव्हता हे आम्हाला ठाऊक होते. त्याबद्दल आज लिहीत नाही.

दारापाशी टॅब घेऊन उभ्या असलेल्या मुलीने आमचे नाव शोधले, ते तिला सापडले, मग तिने एकदा ह्यांच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे आणि एकदा माझ्या खांद्यावरच्या कापडी पिशवीकडे पाहिले व आम्हाला एका जाडजूड खांबामागच्या टेबलाकडे नेले. तिने पाहिले म्हणून तिथे नेले, की तिने नुसतेच पाहिले आणि आमचे टेबल मुळातच तिथे होते, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. मी काचेजवळच्या टेबलाकडे बोट दाखवले तेव्हा ते राखीव असल्याचे तिने सांगितले. आमचेही राखीवच आहे, असे ह्यांनी म्हटल्यावर ती गोड हसली आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळली. त्या हसण्याला उत्तर कसे द्यायचे असते, हे आम्हाला दोघांनाही कोणी शिकवलेले नाही.

खांबाच्या एका बाजूने मलबार हिलचे टोक दिसत होते आणि दुसऱ्या बाजूने नरिमन पॉइंटच्या इमारती. मधला समुद्र, म्हणजे ज्याच्यासाठी माणूस एवढे जिने आणि लिफ्ट चढून वर येतो तोच भाग, खांबाने गिळला होता. मे-जूनमध्ये इथून सूर्य मलबार हिलच्या आड जातो, पण कार्तिकात तो दक्षिणेकडे सरकलेला असल्यामुळे थेट उघड्या समुद्रात बुडतो, हे गिरगावात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच मी अनिकेतला उन्हाळ्याऐवजी हेच दिवस सुचवले होते. सहाच्या सुमारास सूर्य ठरल्याप्रमाणे मावळला, खांबामागे.

त्यानंतर एक मुलगा लायटर घेऊन आला. त्याने राखीव टेबलावरच्या काचेच्या पेल्यातली मेणबत्ती पेटवली, वातीने नीट धरले आहे ना ते वाकून पाहिले, रुमालाची कललेली घडी बोटाने सरळ केली आणि आमच्या टेबलाला वळसा घालून तो निघून गेला. आमच्याही टेबलावर मेणबत्ती होती. पंगतीत वाढपी दर वेळी आपल्या अलीकडच्या पानावरून माघारी फिरावा आणि आपण मात्र ‘असू दे, घाई नाही’ अशा चेहऱ्याने बसून राहावे, तसे मला झाले. भूक लागलेली नसतेच. मोजणीतून सुटल्याचे वाटते.

सूप कोमट आले, ब्रेड सांगूनही आला नाही आणि पाण्याची महागडी बाटली न विचारताच उघडली गेली, हे नोंदीपुरते लिहून ठेवते. कोळंबी चांगली होती.

मला तिथे जायचे होते, हे मी कोणाला फारसे बोलून दाखवले नव्हते. लहानपणी आम्ही त्या रस्त्यावर खालून चालायचो आणि गोलसर सज्जे असलेल्या त्या इमारतींकडे माना वर करून पाहायचो. त्या इमारतींसह दक्षिण मुंबईतल्या आर्ट डेको आणि व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा घरचे कोणी बोर्डात आल्यासारखा मला आनंद झाला होता. पण साडेतीन किलोमीटरच्या त्या रस्त्याला राणीचा हार म्हणतात तो हार खालून कधी दिसतच नाही. खालून दिसतात ते एकामागून एक दिव्यांचे खांब. हार दिसायला उंचीवर जावे लागते. २०१५ मध्ये जुने पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, लोकांनी आरडाओरडा केला आणि मग पिवळसर प्रकाश परत आणावा लागला, त्या सगळ्या वादात मी हिरिरीने बोलले होते, आणि तरीही तो हार तिथल्याच एखाद्या गच्चीवरून पाहण्याचा योग मला कधी आला नव्हता. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातून तो फुकट दिसतो, हे ह्यांनी सूप येईपर्यंत दोनदा ऐकवले.

तर मग आपण तिथे नको होतो का, या प्रश्नापाशी मी पुन्हा पुन्हा येते. नको असतो तर दारातच तसे सांगता आले असते. कोणी अपमान केला नाही, कोणी आवाज चढवला नाही, ‘मॅम’ आणि ‘सर’ यांना तर तोटा नव्हता. डोंबिवलीहून आलो हे कपाळावर लिहिलेले असते का? आक्का असती तर तिने सरळ उठून त्या टेबलावर पिशवी ठेवली असती आणि वर पाणी मागितले असते. मला ते जमत नाही. शिवाय ते टेबल खरोखरच कोणासाठी तरी ठेवलेले असेल आणि त्या दोघांचे येणे काही कारणाने राहिले असेल, हेही शक्य आहे. मग मी रात्रभर ज्यांचा मत्सर केला ती माणसे कुठेतरी वाहतुकीत अडकलेली, नाहीतर भांडून घरी बसलेली असतील. हा विचार आला तेव्हा मला जरा बरे वाटले, हे काही फार शोभणारे नाही.

दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना मात्र वेगळेच सुचले. बँकेत रोखपालाच्या खिडकीमागे मी जन्म काढला आहे, आणि पेन्शनच्या आठवड्यात मान वर करायची नाही, हे तिथले पहिले शिक्षण असते. मान वर केली की समोरच्याला वाटते आपला नंबर आला, आणि मग मागच्या चौघांचे प्रश्न एकदम अंगावर येतात. त्यात तुच्छता नसते, हातातले काम पुरे करण्याची धडपड असते. कालच्या त्या मुलाकडे सबंध रांग दिलेली होती आणि कॅप्टन म्हणवणारे गृहस्थ मोठ्या घोळक्यातून हलत नव्हते. नजर न देता टेबलाला वळसा घालण्याची त्याची ती सफाई पाहताना मला जे ओळखीचे वाटले, ते काय होते हे आत्ता कळले. राग त्यामुळे गेला असे नाही, पण त्याला कोणावर बसावे ते सुचेना.

बिल आले तेव्हा मात्र सगळ्या संध्याकाळचा नूर पालटला. जेवणाचे ३,८०० रुपये, त्यावर दहा टक्के सेवाशुल्क ३८० आणि त्या सगळ्यावर पुन्हा पाच टक्के जीएसटी. ह्यांनी हिशेबतपासणीत नोकरी केली आहे, आणि त्यांची खुशीची घटका अशीच येते. त्यांनी चष्मा बदलला, कॅप्टनला बोलावले आणि सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, ते देणे न देणे ग्राहकाच्या मर्जीवर असते, तशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायमही केली आहेत, हे सगळे शांतपणे, सनावळीसकट त्यांच्यापुढे मांडले. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही ते सांगणार होते, पण मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, आणि तो नेमका दुखरा निघाला.

त्यानंतर आम्हाला जी सेवा मिळाली तिला तोड नव्हती. कॅप्टन आमच्या टेबलापाशी हात बांधून उभे राहिले, ब्रेड राहून गेल्याबद्दल त्यांनी आपण होऊन दिलगिरी व्यक्त केली, कोणीतरी आमची मेणबत्ती पेटवली, पेल्यांत पाणी भरले गेले आणि सेवाशुल्क वगळून ३,९९० रुपयांचे नवे बिल चामडी पाकिटात घालून आले. सेवेचे पैसे रद्द झाल्यावर सेवा सुरू झाली, यावर आम्ही दोघेही लिफ्टमध्ये इतके हसलो की लिफ्टवाला आमच्याकडे वळून पाहू लागला.

पण निघण्यापूर्वी ह्यांनी एक उद्योग केला होता, तो मला टॅक्सीत कळला. लायटर घेऊन फिरणाऱ्या त्या मुलाला गाठून त्यांनी त्याच्या हातात चारशे रुपये ठेवले होते. म्हणजे वाचवलेल्यापेक्षाही थोडे जास्त, कारण जीएसटी धरूनसुद्धा आम्ही ३९९ रुपयेच वाचवले होते. मग एवढा वाद कशासाठी घातलात, असे मी विचारले, तर म्हणाले की बिलात लावलेले पैसे कुठे जातात ते दिसत नाही, हातात दिलेले दिसतात. यावर सीएसएमटी येईपर्यंत मी बोलले नाही, कारण त्या मुलाने आमच्याकडे संध्याकाळभर पाहिले नव्हते आणि बक्षीस मात्र त्यालाच मिळाले, हे मला पटत नव्हते, आणि पटत नाही असे म्हणायची लाजही वाटत होती.

आज अनिकेतचा फोन आला. व्ह्यू कसा होता, असे त्याने विचारले. मी खांबाचे सांगितले नाही. बाबांनी सेवाशुल्क काढायला लावले, एवढेच सांगितले. ‘तिथेसुद्धा?’ असे म्हणून तो जो हसत सुटला तो थांबेना, आणि शेवटी म्हणाला, ‘आई, पुढच्या वेळी मी येतो, मला ते बघायचेच आहे.’ मी त्याला तारीख विचारून घेतली आहे.