ज्युली–५

२००६ साली मी बेळगावातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये मशीन ऑपरेटर होतो. रम्या आणि दिनो मोरियाची कन्नड 'ज्युली' आमच्याकडे लागली, तेव्हा मालकांच्या डोक्यात एक कल्पना आली. दुपारी बाराला जुनी हिंदी 'ज्युली' लावायची आणि बाकीचे तीन खेळ नवीचे. नाव एकच, त्यामुळे बोर्ड रंगवायचा खर्चही वाचला.

ही गोष्ट तशी भाषा बदलत फिरणारीच. १९७४ साली के. एस. सेतुमाधवन यांनी ती मल्याळममध्ये केली, 'चट्टक्कारी' नावाने. रेल्वेतल्या इंजिन ड्रायव्हरची अँग्लो-इंडियन मुलगी आणि हिंदू घरातला मुलगा. पुढच्याच वर्षी त्यांनीच ती हिंदीत केली. दोन्हीकडे नायिका लक्ष्मी, आणि तेलुगूतही तीच. कन्नडला मात्र ती तीस वर्षांनी मिळाली. कन्नडमध्ये परभाषेतला सिनेमा डब करून लावायची सोय नव्हती. कायदा नव्हता, पण साठच्या दशकापासून इंडस्ट्रीने तसं ठरवूनच टाकलं होतं. मग एखादी गोष्ट आवडली, तर ती पुन्हा शूट करायची. रिमेकला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात, मीही ठेवायचो.

तर गुरुवार, संध्याकाळचा सहाचा खेळ. हिंदी प्रिंट मुंबईकडून आलेली, कन्नड बंगळूरच्या गांधीनगरातून. दोन्हींचे डबे केबिनमधल्या एकाच मांडणीवर. माझा हेल्पर खानापूरकडचा पोरगा, हुशार, पण कन्नड अक्षराशी त्याचं वाकडं. त्याआधीचा खेळ सुटल्यावर रिळं रिवाइंड करून डब्यात भरताना त्याने पाच नंबरची झाकणं अदलाबदल केली. इंटरव्हलला मी खाली चहाला गेलो, आणि त्याने दोन नंबरच्या मशीनवर पाचवं रीळ चढवून ठेवलं. वर येऊन मी फक्त फिल्मचा लूप, म्हणजे सैल वळण, तपासला, उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या जुळवल्या, बेल दिली. रीळ कुठलं ते बघितलं नाही. चूक त्याची म्हणून त्याला बोललो खरा, पण बघायचं काम माझंच होतं.

पडदा एकदम गुलाबी झाला. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटचं तसंच होतं, निळा-हिरवा उडून जातो आणि माणसं, भिंती, झाडं सगळं कुंकवात बुडवल्यासारखं दिसतं. आवाज बसका, मधे खरखर. दोन सेकंद मला वाटलं, कार्बन गेला. मग लक्ष्मी दिसली.

माझा हात शटरवर गेला. खालून शिट्ट्या सुरू झाल्याच होत्या, कुणीतरी "एनरी इदु!", हे काय हो, म्हणून ओरडलं. पोरगा पांढराफटक. बरोबर रीळ शोधून एक नंबरवर चढवायला चार-पाच मिनिटं तरी लागणार, आणि तेवढा वेळ पडदा पांढरा ठेवला तर खुर्च्यांची काय गत होते ते मी पाहिलेलं होतं. तेवढ्यात बाल्कनीतून एका बाईचा आवाज आला, "लक्ष्मी री! इरली बिडरी!" म्हणजे असू द्या की, राहू द्या.

लक्ष्मी कन्नडवाल्यांची घरचीच. आता आईची कामं करणारी बाई, तीच इथे विशीतली पोर होऊन समोर उभी. शिट्ट्या विरल्या. मी शटरवरचा हात काढला.

मग नादिरा आली. पोरीला दिवस गेलेत हे कळल्यावरची मार्गारेट. नादिरा मूळची बगदादी ज्यू घराण्यातली, पण त्या ख्रिस्ती आईच्या रागात, लाजेत कुठे उसनेपण नाही. या कामाला तिला फिल्मफेअर मिळालं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ती मुंबईत वारली होती. पेपरात वाचून मी पान उलटलं होतं. दुपारचे चार दिवस हेच रीळ मी फिरवलं, पण ऑपरेटर सिनेमा बघत नाही, तो ठिपका बघतो. रीळ संपायच्या आधी वरच्या उजव्या कोपऱ्यात येणारा, दुसऱ्या मशीनवर बदल करायची खूण. त्या दिवशी मी खिडकीतून पहिल्यांदा तिचा चेहरा बघितला.

खाली चिडीचूप. निम्म्यांना हिंदी धड येत नसेल, पण कुणी काही विचारत नव्हतं. गोष्टही तुटली नव्हती. आत्तापर्यंत ज्या मुलीची काळजी होती तिचा चेहरा बदलला, भाषा बदलली, तरी काळजी तशीच पुढे चालली होती. रिमेक म्हणजे नक्कल, एवढंच मला माहीत होतं. नक्कल इतकी बेमालूम सांध्याला बसते, हे माहीत नव्हतं.

पोराने एक नंबरवर फिल्म चढवली. ठिपक्याची वाट न बघता एका शॉटच्या शेवटाला मी बदल केला. झगझगीत रंग, स्वच्छ आवाज, आणि खालून ओरडा, "अदे हाक्री, अदे!" तेच लावा! हसू यावं की रडू, कळेना. दोन मिनिटांत लोक पुन्हा नव्या गोष्टीत रमले, ती गोष्ट वेगळी.

मालक गोव्याला गेले होते म्हणून वाचलो. धास्ती होती ती वितरकाच्या माणसाची. खेळावर नजर ठेवायला तो आठवडाभर मुक्कामाला होता. रात्री तो केबिनचा जिना चढून आला. पोरगा मशीनमागे लपला. सहाच्या खेळाला हा गृहस्थ मॅनेजरच्या खोलीत बसून तिकिटांचा हिशेब करत होता, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

"इंटरव्हलनंतर टाळ्या चांगल्या पडल्या आज," तो वही काढत म्हणाला. "कुठल्या सीनला?"

"आईच्या," मी म्हणालो.

त्याने तसं लिहून घेतलं.