आमची वाटचाल : ताडपत्री ते अडीच मिलिमीटर

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून ‘ताडपत्री व कॅनव्हास काम’ असंच लिहिलंय. मुलगा सारखा म्हणतो, बाबा, बदला आता ती पाटी. मी बदलत नाही. ज्याला रायफल नेमबाजीचं, म्हणजे शूटिंगचं जॅकेट शिवायचंय तो विचारत विचारत येतोच, आणि ज्याला ट्रॅक्टरचं हूड शिवायचंय त्यालाही मी परत पाठवत नाही. का, ते पुढे कळेल.

वडील कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाच्या गाड्यांच्या ताडपत्र्या शिवायचे. मी हातात सुई धरली ती तिथंच. शूटिंगशी आमचा संबंध आला 2004 च्या उन्हाळ्यात. एक प्रशिक्षक एक जर्मन जॅकेट घेऊन आले. बगलेखाली फाटलेलं. म्हणाले, “शिवून द्या, पण जाडी वाढवू नका.” मला हसू आलं. ठिगळ लावलं की जाडी वाढणारच की! मी आपलं झकास ठिगळ लावलं. दुसऱ्या दिवशी ते जाडी मापायचं गेज घेऊन आले, मापलं आणि समोर बसून उसवायला लावलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी फाटका पट्टाच काढला आणि त्याच जाडीचं कापड कडेला कड लावून बसवलं. गेजनं 2.4 दाखवलं. त्यांनी पैसे दिले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, “हे जॅकेट परदेशातून मागवायला किती पडतात ठाऊक आहे का?” आकडा ऐकून मी रात्रभर जागा होतो.

आता थोडं धंद्याचं. रायफल शूटिंगच्या जॅकेटची जाडी एकेरी 2.5 मिलिमीटर, दुहेरी 5, त्यापुढे नाही. खांद्याच्या आणि कोपराच्या ठिगळांचा हिशोब वेगळा. मापताना कापडावर ठरलेला 5 किलोचा दाब असतो, म्हणजे फुगीर कापड हातानं जास्त दाबून चोरी करायचीही सोय नाही. बटणं लावल्यावर जॅकेट आणखी किमान 70 मिलिमीटर ओढून घेता आलं पाहिजे, म्हणजे आवळून शिवायचं नाही. पँटलाही तीच जाडी. बुटाचा तळ 10 मिलिमीटर. आणि सगळ्यात अवघड, कडकपणा. कापडावर वजन ठेवून ते किती वाकतं ते बघतात. 3 मिलिमीटरपेक्षा कमी वाकलं तर जॅकेट बाद. म्हणजे गिऱ्हाइकाला पाठीला आधार देणारं ताठ जॅकेट पाहिजे आणि नियमाला मऊ. या दोन्हींच्या मधल्या चिमटीत आमचं पोट आहे.

बुटांचं काम मला येत नव्हतं. ते सुभाषनगरच्या मामांनी अंगावर घेतलं. नात्यानं मामा नव्हेत, सगळं कोल्हापूर त्यांना मामाच म्हणायचं. तीन पिढ्या चपलांचं काम. त्यांच्याकडे एक रापी, म्हणजे चामडं कापायची पाती होती, घासून घासून बोटाएवढी उरलेली, पण चामडं अशी सोलायची की कागद वाटावा. आरी, दोरा, मेण आणि पायाच्या आकाराचे लाकडी फरमे, एवढंच सामान. मी जाड कापड शिवायचं वॉकिंग फूटचं मशीन घेतलं तेव्हा मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तुझं मशीन सगळ्यांना सारखा टाका घालतं,” म्हणाले, “आणि पाय काय सगळ्यांचे सारखे असतात?” नेमबाजाचा बूट म्हणजे चालायचा बूट नव्हे, उभं राहायचा ठोकळा आहे, हे मामांना मी एकदाच सांगितलं. दुसऱ्या खेपेला ते स्वतःच तासभर एका पायावर भार टाकून उभे राहिले आणि मग म्हणाले, टाचेची बाहेरची कड सरळ पाहिजे, गोल नको. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं त्यांनी.

2006 ला मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं दोन सुवर्णपदकं आणली आणि इथल्या दुधाळीच्या शूटिंग रेंजवर पोरांची रांग लागली. 2010 ला तीच म्युनिकला जागतिक विजेती झाली. त्या सहा-सात वर्षांत काम भरपूर होतं, सांगण्यासारखं काही नाही. जागा घेतली, कर्ज घेतलं, चार कारागीर ठेवले.

सांगण्यासारखं आहे ते पुढचं. मोठ्या शहरातला एक व्यापारी, नाव घेत नाही, परदेशी रायफली आणि जॅकेटं विकायचा. 2012 च्या सुमारास त्याचा निरोप आला, आमच्या नावानं शिवून द्या, तुमचं लेबल नको. मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षात तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी एकाच मापाची जॅकेटं नेली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ती त्याचीच माणसं. त्यानं जॅकेटं उसवून कटिंग उतरवून घेतलं. वर्षाच्या आत त्याच्या दुकानात ‘स्वदेशी’ जॅकेट लटकलं. खिशाच्या वरची माझी वाकडी शिवण, जी माझी चूक होती, तीसुद्धा जशीच्या तशी. चोरानं निदान चूक तरी दुरुस्त करावी.

पण धंदा बसला तो त्याच्यामुळे नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. धंदा बसवला थंडीनं.

2014 च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका स्पर्धेला आमची 14 जॅकेटं गेली. निघण्याआधी प्रत्येक मी स्वतः मापलेलं. कडकपणा 3.1, 3.2. तिकडे इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या टेबलावर त्यातली 11 बाद झाली. 2.8, 2.7, एक तर 2.6. फोन आला तेव्हा मी जेवत होतो. पहिली शंका मला त्यांच्या यंत्राचीच आली, खोटं कशाला बोलू. पोरं बाहेर कोवळ्या उन्हात जॅकेटं पोटाशी धरून उभी होती, कुणी त्यावर बसून ऊब देत होतं, कुणी हेअर ड्रायर शोधत होतं. दोन पास झाली त्यातून. बाकीच्यांनी उसन्या जॅकेटांवर, नाहीतर नुसत्या स्वेटरवर स्पर्धा खेळली. वर्षभराची मेहनत!

त्या व्यापाऱ्यानं बाद जॅकेटाचा फोटो काढला, आमचं लेबल नीट दिसेल असा, आणि व्हॉट्सअॅपवर सगळ्या ग्रुपांत फिरवला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. जानेवारीत 23 ऑर्डरी रद्द झाल्या. आगाऊ घेतलेले पैसे परत दिले. कारागीर गेले. बँकेचा हप्ता भरायला मी पुन्हा ताडपत्री शिवायला बसलो, गुळाच्या हंगामात रात्री बारापर्यंत. पाटी का बदलत नाही, ती ही गोष्ट.

मामा एका संध्याकाळी आले, बाद झालेलं एक जॅकेट मांडीवर घेतलं आणि रापीनं उलगडायला लागले. मी म्हटलं, मामा, राहू द्या. ते बोलले नाहीत. आतला थर सुटला तेव्हा त्यांनी बोटानं दाखवलं : सोल्यूशन. कॅनव्हास आणि अस्तर आम्ही पूर्ण चिकटवत होतो, झटपट व्हावं म्हणून. आमच्या उकाड्यात ते सोल्यूशन मऊ राहायचं आणि थंडीत पत्र्यासारखं व्हायचं. मामा म्हणाले, “चप्पल कधी पूर्ण चिकटवतात का रे? कडेला चिकटवून मध्ये शिवतात.” एवढंच होतं. नऊ पोरांचं वर्ष आणि माझी दहा वर्षं, एका सोल्यूशनपायी.

आणि गडहिंग्लजकडचे एक शिक्षक. त्या 11 पैकी पाच पोरं त्यांची. मी पैसे परत करायला एसटीनं त्यांच्या शाळेत गेलो. त्यांनी पाकीट टेबलावर तसंच ठेवलं आणि म्हणाले, “आधी मापाचं बघा, पैशाचं नंतर.” पाकीट मी परत आणलं. जूनमध्ये नवीन पाच जॅकेटं त्यांना नेऊन दिली, बर्फाच्या लादीवर ठेवून मापलेली. शेजाऱ्यांना वाटलं मी मासे विकायला लागलो. सर आजही दर वर्षी पोरं घेऊन येतात, दुसरीकडे जात नाहीत, आणि दर वर्षी दरावरून भांडतात.

आता दुकानात एसी आहे, पण माणसांसाठी नाही. जॅकेट रात्रभर 18 अंशांत टांगलेलं असतं आणि सकाळी मापतो. बायको म्हणते, मे महिन्यात आम्ही बाहेर घामाघूम आणि कापडाला थंडगार हवा.

2024 च्या 1 ऑगस्टला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकात नेमबाजीचं कांस्य आणलं. त्या दिवसापासून आईवडिलांचे फोन. पहिला प्रश्न ठरलेला, “स्वप्नीलकडे कोणती रायफल आहे हो?” अहो, त्याचा प्रकार 50 मीटरचा, .22 ची रायफल, तिला परवाना लागतो. तुमचं बारा वर्षांचं पोर सुरुवात करणार 10 मीटर एअर रायफलनं. दुसरा प्रश्न, “रायफल वॉल्थरची घेऊ का फाइनवेर्कबाऊची?” मी विचारतो, पोराचा कुठला डोळा जोरात आहे? उत्तर नसतं. उजव्या हाताचं आणि डाव्या डोळ्याचं पोर असतं आणि बाप उजव्या हाताची महागडी रायफल बुक करून आलेला असतो.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. रायफल शेवटी घ्या. पहिलं वर्ष क्लबच्या रायफलीवर काढा, ती चार पोरांत वाटता येते. बूट, पँट, जॅकेट आणि हातमोजा मात्र वाटता येत नाहीत, तेव्हा पैसे आधी तिथं. हे मी माझा माल खपावा म्हणून सांगत नाही. बरं, थोडं त्यासाठीही सांगतो. पण पोर उभंच नीट राहिलं नाही तर अडीच लाखांची नळी काय करणार? जॅकेट वाढत्या अंगाचं शिवा म्हणतात सगळे, आतून माया सोडा म्हणतात. शाळेच्या गणवेशात माया ठीक, इथं दुमडलेली माया म्हणजे जाडी, आणि जाडी म्हणजे बाद. बटणं सरकवून वर्ष-दीड वर्ष निघतं, त्यापुढे नवीन.

जुनी रायफल घेताना तिच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. दहा वर्षांची मुदत असते, ती संपली असेल तर स्वस्त रायफल महाग पडते. वजनाची मर्यादा साडेपाच किलो आहे म्हणून तेवढं वजन लादायचं नसतं. लहान पोराला हलकी ज्युनियर रायफल द्या. आधी बट प्लेटची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाची लांबी, मग गालपट्टी. मान वाकवून डोळा नेम धरायच्या साइटपर्यंत न्यायचा नाही, साइट डोळ्यापर्यंत आणायची. पुढच्या साइटची रिंग, जिच्यात काळा भाग धरायचा ती, मोठी ठेवा. टार्गेटचा काळा भाग 30.5 मिलिमीटरचा, त्याच्याभोवती पांढरं भरपूर दिसू द्या. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे म्हणून पोरं रिंग आवळत नेतात आणि मग काळ्याच्या मागे धावत बसतात. पेलेटचं, म्हणजे छर्ऱ्याचं तर विचारूच नका. त्याचं डोकं 4.49 मिलिमीटर का 4.50 यावर बाप लोक भांडतात आणि पोराचे छर्रे आठ गुणांच्या रिंगमध्ये जात असतात. चांगल्या कंपनीचा 500 चा एक डबा घ्या, संपवा, तसाच दुसरा घ्या. आणि आमच्यात म्हणतात ना, खटक्यावर बोट जाग्यावर पलटी, ते रेंजवर चालत नाही. एअर रायफलचा खटका शंभर ग्रॅमच्या आसपास असतो, बोट ठेवायच्या आधी विचार संपलेला पाहिजे.

मामा तीन वर्षांपूर्वी गेले. रापी त्यांच्या नातवानं मला आणून दिली. ती चालवायला मला जमत नाही. नातू चालवतो, आमच्याच दुकानात बसून.

दिवाळीपर्यंत नवीन जॅकेटची ऑर्डर घेत नाही. बुटाचं माप द्यायला येताना दुपारनंतर या, पाय तेव्हा खरे असतात, आणि स्पर्धेत घालणार तेच मोजे घालून या. बूट मिळाल्यावर ते घालून चहाला जाऊ नका. मागच्याच महिन्यात सरांच्या एका पोरानं नवे बूट घालून रेंज ते एसटी स्टँड चालत काढलं. टाचेची कड गोल झाली. तळ बदलून दिला, अर्ध्या दरात. सर अर्ध्यावरही भांडले.