जुन्या गोधडीचं जॅकेट बेतताना

जुन्या वस्तूंच्या दुकानातली गोधडी घेण्याआधी मी ती उजेडासमोर ताणून धरते. जिथून उजेड आरपार येतो तिथं आतला कापूस सरकून गोळा झालेला असतो, नाहीतर कापडच विरलेलं असतं. मग दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत कापड धरून आधी उभ्या धाग्यावर आणि नंतर आडव्या धाग्यावर हलकेच ओढते. बारीकशी चरचर ऐकू आली तर त्या भागावर शिवणीचा ताण द्यायचा नाही, हे तिथंच ठरतं. तपकिरी आणि काळ्या ठिगळांकडे जास्त लक्ष देते. जुन्या रंगाईत हे रंग पक्के करायला लोहयुक्त क्षार वापरत, आणि त्या क्षारांनी धागा आतून कुजत जातो. त्यामुळे शेजारची लाल-निळी ठिगळं ठणठणीत असतात आणि तपकिरी तेवढं भुगा होऊन गळतं.

या जॅकेटची गोधडी १५० बाय २२० सेंमी होती. दोन्ही बाजूंना सुती कापड, मध्ये कापसाचा थर, हाताचा धावदोरा. एक कोपरा पुरता फाटलेला, मधोमध चिरा आणि एका कडेला गंजाचा डाग. पांघरूण म्हणून तिचं आयुष्य संपलं होतं, म्हणूनच तिला कात्री लावली. धड असलेली, हातानं शिवलेली गोधडी मी कापत नाही, आणि कोपऱ्यात करणाऱ्याचं नाव किंवा साल असेल तर मुळीच नाही. जॅकेट चार-पाच तुकड्यांतून होतं, पण त्यासाठी शेकडो ठिगळांचं काम मोडायचं, हा व्यवहार मला पटत नाही.

आत काय भरलंय हे धुण्याआधी कळायला हवं. कड थोडी उसवून चिमूटभर भरण काढायचं आणि चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर पेटवायचं. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळून आकसतं, त्याचा कडक काळा मणी होतो. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. लोकर निघाली तर गरम पाणी आणि घुसळणं दोन्ही टाळायचं, नाहीतर आतला थर आटून नमदा होतो आणि वरचं कापड सुरकुततं.

ढेकणांची शंका असो वा नसो, बाहेरून आलेली गोधडी बंद पिशवीतच ठेवावी. भरण सुती असेल तर ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर अर्धा तास पुरतो. ड्रायर नसेल किंवा कापड नाजूक असेल तर उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये सलग चार दिवस. घडी जाड असते, गाभ्यापर्यंत गारवा पोचायला वेळ लागतो, म्हणून मी एक-दोन दिवस जास्तच ठेवते.

धुण्याआधी प्रत्येक रंगाची परीक्षा घ्यायची: पांढरा कपडा ओला करून ठिगळावर अर्धा मिनिट दाबून धरायचा. लाल आणि गडद निळा हे हमखास रंग सोडणारे. रंग उतरला तर ते ठिगळ धुण्याआधीच उसवून काढते किंवा गोधडी भरपूर पाण्यात, मोकळी बुडवून धुते. तोकड्या पाण्यात सुटलेला रंग शेजारच्या पांढऱ्यावर बसतो, आणि रंग पूर्ण निघण्याआधी उष्णता लागली की डाग घट्ट होतो. या गोधडीला टबात कोमट पाणी आणि सौम्य डिटर्जंट दिलं, घासणं-पिळणं नाही, फक्त हातानं दाबणं, आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळणं. जुने पिवळे डाग ऑक्सिजन ब्लीचच्या पाण्यात भिजवून बरेच उतरतात (लोकर आणि रेशमावर मात्र ते वापरू नये). गंजाच्या डागावर क्लोरिनचं ब्लीच कधीही टाकू नये, डाग आणखी पक्का होतो. तो भाग मी सरळ बेतातून वगळला.

ओली गोधडी प्रचंड जड होते. कडेला धरून उचलली तर तिच्याच वजनानं धावदोरे तटातट तुटतात. म्हणून टबात आधी चादर अंथरायची, तिच्यावर गोधडी भिजवायची आणि चादरीच्या झोळीतूनच बाहेर काढायची. सुकवायची आडवी पसरून, दोरीवर टांगून नाही.

यानंतर बेत, म्हणजे कापायचा नमुना. इथं क्रम उलटा ठेवला तर फसगत होते. आवडलेला बेत आधी ठरवून त्यात गोधडी बसवायला गेलं की नेमकी विरलेली जागा खांद्यावर किंवा मुंढ्यात येते. मी गोधडी जमिनीवर पसरून वाईट जागांना खडूनं वर्तुळ करते आणि कागदी बेत त्यांच्यामधून सरकवत बसते. पाठीसाठी ६२ बाय ६५ सेंमीचा एक तुकडा, पुढच्या दोन बाजूंना ३३ बाय ६५ चे दोन आणि बाह्यांना ५० बाय ४५ चे दोन, एवढं लागलं. म्हणजे गोधडीचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा राहतो आणि वाईट जागा टाळता येतात. बेत सरळसोट घ्यावा: प्लीट नाही, चुण्या नाहीत, खांदा उतरता. जाडीनं आतली जागा कमी होते, म्हणून नेहमीच्या सैलपणात छातीला ५ ते ८ सेंमी वाढवून धरावेत.

ज्या चिरा टाळता येत नाहीत त्या कापण्याआधीच दुरुस्त करते. चिरेखाली मऊ सुती कापडाचा तुकडा सरकवायचा, तो चिरेच्या चहूबाजूंनी २ सेंमी बाहेर हवा, आणि वरून जवळजवळ धावदोरा घालायचा. धागा सुतीच. पॉलिस्टर धागा जुन्या कापडापेक्षा बळकट असतो. ताण आला की धागा शाबूत राहतो आणि कापड चिरतं.

सगळ्यात जपून करायचं काम कापण्याचं. हाताचा धावदोरा मध्येच कापला गेला की त्याच्या गाठी जातात आणि पुढचे टाके ओघळत सुटतात, मग तिन्ही थर वेगळे होतात. म्हणून खडूनं रेघ मारल्यावर आधी मशीनची टीप घालायची, रेघेच्या आत ५ मिमी, टाका २.५ मिमीचा, आणि त्यानंतरच कात्री. उरलेला भाग पुढं वापरायचा असेल तर रेघेच्या पलीकडेही तशीच टीप. पुढच्या दोन्ही बाजू एकेक करून कापाव्यात, दुसऱ्या वेळी कागद उलटा ठेवून. गोधडी दुहेरी घालून कापली तर जाडीमुळे थर सरकतात आणि दोन्ही तुकडे एका मापाचे येत नाहीत.

मशीनला ९०/१४ ची सुई लावली, शिवणींच्या जाड जोडांपुरती १००/१६. टाका ३ मिमी, दाबपायाचा दाब कमी केलेला, माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) १.५ सेंमी. वॉकिंग फूट (वरचा थरही सोबत पुढं नेणारा पाय) असेल तर जरूर लावावा. साध्या पायाखाली खालचा थर मशीनचे दात ओढून नेतात, वरचा मागं राहतो आणि शिवणीच्या शेवटी एक बाजू लांब येते. टाचण्यांऐवजी क्लिपा, कारण एवढ्या जाडीत टाचणी वाकते. या शिवणींना मात्र पॉलिस्टर धागाच वापरते, कारण इथं ताण माणसाच्या हालचालीचा असतो. खांद्याच्या शिवणीत १ सेंमीची सुती फीत धरून घेतली, म्हणजे बाह्यांचं वजन जुन्या कापडावर येत नाही.

आधी खांदे जोडले, मग बाही सपाट असतानाच मुंढ्याला, आणि शेवटी बाहीची व बगलेची शिवण एका दमात. बगलेत माया एकीकडे आल्या की मोठा गठ्ठा होतो. एक माया वर आणि दुसरी खाली वळवली की तो विभागतो. तिथं पाय तिरका झाला की मशीन टाके सोडतं. पायाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची चिंधीची घडी सरकवली की पाय समतल होतो. शिवणी झाल्यावर माया ८ मिमीपर्यंत छाटल्या. धावदोरा आता मुख्य शिवणीनं धरलेला असतो, त्यामुळे कडेची टीप कापली गेली तरी चालते. छाटलेल्या कडांना पातळ सुती कापडाची ४ सेंमी रुंद उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावली आणि ती आतल्या बाजूला हातानं टाचली. मधून मधून बॉबिनखालचा कापूस ब्रशनं झाडत राहायचा, नाहीतर धागा अडकू लागतो.

बाहेरच्या कडांची पट्टी जुन्या चादरीतून काढली. चादर घेताना किनारीपेक्षा मधला भाग तपासावा, झिजतो तो तोच, आणि बारीक गोळे धरलेली पॉलिकॉटन घेऊ नये. दुहेरी पट्टीचं माप असं: तयार पट्टी जेवढी रुंद हवी त्याच्या सहापट, अधिक जाडीसाठी अर्धा सेंमी. १ सेंमीच्या पट्टीला ६.५ सेंमी. ५५ सेंमीच्या चौकोनातून जोड धरून जवळजवळ साडेचार मीटर उरेब निघते. घेर, पुढच्या कडा, गळा आणि बाह्या मिळून चारेक मीटर लागते. पट्टी उभी-आडवी कापली तर गळ्याच्या वळणावर ती चुणते, म्हणून एवढ्यासाठी उरेबच हवी.

उरलेल्या तुकड्यांचे पाऊच, मशीनचं झाकण, पिशवीचे तळ होतात. गरम भांडी धरायचे रुमाल करायचे तर भरण कापसाचं किंवा लोकरीचंच हवं, दोन थर एकावर एक. पॉलिस्टर उष्णतेनं वितळतं, आणि रुमाल ओला असेल तर कापसातूनही वाफ थेट हातापर्यंत येते.