मोरीच्या थोबाडावरची भोकं

मासेमारीबंदी उठली की ऑगस्टमध्ये पणजीजवळच्या मालीम जेट्टीवर जी झुंबड उडते, तिच्यात अकरावीची पोरं घेऊन शिरणं हा तसा वेडेपणाच. पण मी जीवशास्त्र शिकवते, आणि फॉर्मॅलिनच्या बरणीतला मासा दाखवायचा मला मनस्वी कंटाळा.

एका टोपलीत छोटी मोरी, म्हणजे शार्क, दिसली. विकणाऱ्या बाईंना विचारून मी ती उताणी केली. थोबाडावर सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं. अंगठ्यानं दाबलं, तशी भोकाभोकातून पारदर्शक जेली टिपक्याटिपक्यांनी वर आली.

"शी, शेंबूड!" मागून कुणीतरी.

"त्या शेंबडावरच तिचं पोट चालतं," मी म्हटलं.

इटलीच्या स्तेफानो लोरेन्झिनीनं १६७८ साली या भोकांमागच्या जेलीभरल्या नळ्यांचं वर्णन केलं. त्या नळ्यांचं काम कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. जिवंत माशाभोवती खाऱ्या पाण्यात क्षीण विद्युतक्षेत्र असतं. जेलीतून ते नळीच्या बुडाशी असलेल्या पेशींपर्यंत पोचतं. १९७१ साली डच शास्त्रज्ञ काल्मैन यांनी आपल्या लेपासारखा चपटा मासा अगारच्या (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीच्या) कप्प्यात ठेवून वाळूत पुरला. अगारमधून वीज जाते, वास अडतो. शार्कनं तो बरोबर हेरला. मग माशाऐवजी नुसते इलेक्ट्रोड पुरले, तर तेही उकरले!

"टीचर, म्हणजे ही शॉक देते?"

नाही. शॉक देणारे मासे वेगळे. हिला फक्त दुसऱ्याची वीज कळते. ऑस्ट्रेलियातल्या बदकचोचीच्या सस्तन प्राण्याचं, प्लॅटिपसचंही तेच. बुडी मारताना तो डोळे, कान, नाकपुड्या, सगळं मिटून घेतो आणि चोचीतल्या, वीज टिपणाऱ्या सुमारे ४०,००० संवेदकांच्या भरवशावर भक्ष्य शोधतो. गंमत म्हणजे ते शेंबूड पाझरणाऱ्या श्लेष्मग्रंथींत असतात. माशांकडून आलेला हा वारसा नव्हे, सस्तन प्राण्यांत तो स्वतंत्रपणे घडला. शेंबूड मात्र दोन्हीकडे!

बाजूला जाळं आवरणारे रत्नागिरीकडचे एक वयस्कर खलाशी कान देऊन ऐकत होते.

"मॅडम, एवढं कळतं तर आमच्या जाळ्यात कशी काय येते ही?"

"काका, हे ज्ञान जवळच्या जवळच चालतं. आणि तुमचं जाळं नायलॉनचं, त्याला कुठली आलीय वीज?"

ते हसले. बाईंनी मात्र मोरी ओढून घेतली. "दाबून दाबून मऊ केलीत. आता घेणार की नाही?"

घेतली.