वजन नॉर्मल, पण पोट नॉर्मल नाही : माझा डेक्साचा अनुभव

‘काकू, डेक्सा हाडांचीच असते,’ असं मला तपासणी सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने ज्या ठामपणे ऐकवलं, तो ठामपणा अजून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितेय. डेक्सा म्हणजे कमी ताकदीच्या एक्स-रेने करायची तपासणी. तिच्यात हाडं तर कळतातच, पण चरबी आणि स्नायूही मोजता येतात.

माझं वय ६७. उंची १५४ सेंमी, वजन ५३ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. आपल्याकडे २३ पर्यंत ठीक मानतात, त्यामुळे ‘तुम्हाला काय होणार, सडपातळ तर आहात’ हे वर्षानुवर्षं ऐकलेलं. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे. आईला मधुमेह होता. या वेळी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

डॉक्टरांनी कंबर मोजायला टेप काढली. त्याआधी एका शिबिरात नर्सने साडीवरूनच, परकराच्या नाडीवर टेप धरून माप घेतलं होतं, ते निरुपयोगी. खरी जागा म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपडा बाजूला सारून, श्वास सोडल्यावर. माझं भरलं ८८. बायकांसाठी मर्यादा ८० सेंमी, पुरुषांसाठी ९०. मग त्यांनी चेन्नईत तयार झालेला मधुमेहाचा जोखीम-स्कोअर काढला : वयाचे ३०, कमरेचे १०, जुजबी चालण्याचे २०, आईचे १०. एकूण ७०, आणि ६० किंवा त्यापुढे जोखीम जास्त.

नुसतं ‘वजन कमी करा’ म्हणायला मात्र ते तयार नव्हते. या वयात उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात. म्हणून चरबी किती, स्नायू किती, हे आधी पाहू म्हणाले. चिठ्ठीवर लिहिलं : होल बॉडी डेक्सा, बॉडी कॉम्पोजिशन.

इथून माझी वरात सुरू झाली.

एका सेंटरला विचारलं, तर फोनवर ‘हो, होते, या’ म्हणाले. गेल्यावर पैसे घेतले, पावती दिली. पावतीवर ‘बीएमडी, स्पाइन अँड हिप’. मी म्हटलं, हे हाडांचं झालं, मला चरबीचं हवंय. मुलगी हसली. ‘काकू, डेक्सा हाडांचीच असते. तुमच्या वयाला तीच करतात.’ चिठ्ठी पुढे केली. तिने ‘होल बॉडी’ एवढंच वाचलं आणि ‘मग फुल बॉडी चेकअप पॅकेज घ्या ना, त्यात शुगर पण येते’ म्हणून रंगीत पत्रक हातात दिलं! शुगर मला ठाऊक आहे बाई, तीच तर कटकट आहे. मॅनेजर जेवायला गेलेले. मी बसून राहिले. माझ्यामागून आलेले लोक आत जाऊन, कपडे बदलून घरीही गेले. मॅनेजर आले, त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि ‘असा टेस्ट कोडच नाही’ म्हणाले. कोड नाही म्हणजे तपासणीच नाही! पैसे परत मागितले तर ते ‘अकाउंट्समधून’ येणार.

शेवटी मीच आत शिरून टेक्निशियनला गाठलं. त्याने चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, ‘मशीन तेच, सॉफ्टवेअर वेगळं. आमच्याकडे घेतलेलं नाही.’ एका वाक्यात संपलं. हे वाक्य फोनवर कुणाला सांगता आलं नसतं? तेव्हा फोन करताना ‘डेक्सा होते का’ असं विचारूच नका. ‘फॅट पर्सेंटेज आणि लीन मास (स्नायू वगैरे, चरबी आणि हाडं सोडून) रिपोर्टमध्ये येतं का’ असं विचारा, आणि उत्तर टेक्निशियनकडूनच घ्या.

दुसऱ्या ठिकाणी काहीच अडलं नाही. पडून राहायचं, वरून एक दांडा फिरतो, संपलं.

हो, आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवायची. बांगड्या, मंगळसूत्र, हुकाचं ब्लाउज सगळं काढावं लागतं, गाऊन घेऊनच जा.

रिपोर्टमध्ये चरबी ३८ टक्के, त्यातली बरीच धडावर. हातापायांचे स्नायू कमी. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचं उदाहरण त्यांनी दिलं. ते २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. दोघांचा बीएमआय २२.३, थेट माझाच आकडा. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. काउंटरवरच्या त्या मुलीला हे दाखवायला जावं असं फार वाटलं.

बागेतल्या शिबिरात पायाखाली ठेवतात त्या चरबीच्या काट्यावर फार विसंबू नका. शरीरातल्या पाण्यावर त्याचा आकडा हलतो. आणि पेसमेकर असेल तर त्यावर चढूच नका. आमच्या ह्यांना आहे, पण तिथे कुणी विचारलं नव्हतं, मीच हात धरून मागे ओढलं.

आता रबरी पट्ट्याचे व्यायाम, दोन्ही जेवणांत डाळ-उसळ-दही, भात कमी. एचबीए१सी तीन महिन्यांनी. कंबर मात्र मी घरीच मोजते. त्या टेपला टेस्ट कोड लागत नाही. पहिल्या सेंटरचे पैसे अजून ‘अकाउंट्समध्ये’ आहेत.